दाता मोडतो तो सगळ्यात शेवटी

ट्रकला चासी असते, जीपला असते. जुन्या ट्रॅक्टरला ती नसते. पुढे इंजिन, त्याच्या पाठीला क्लच आणि गिअरबॉक्सचं बिडाचं घर, त्यामागे हायड्रॉलिक पंप आणि डिफरन्शियल पोटात घेतलेलं मोठं हाऊसिंग, दोन्ही अंगांना चाकांचे धुरे. हे ओतीव तुकडे एकमेकांना बोल्टांनी आवळले की ट्रॅक्टर उभा राहिला. हेन्री फोर्डच्या कारखान्यातून १९१७ साली ‘फोर्डसन’ मोठ्या संख्येनं निघू लागला तो याच बांधणीचा, आणि पुढे बहुतेकांनी तीच उचलली. लोखंड वाचलं, किंमत उतरली. दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला मात्र एक कायमची कटकट आली. गिअरबॉक्सचं बीडच ट्रॅक्टरचं वजन पेलत असल्यामुळे तो नुसता खाली उतरवता येत नाही. साधी क्लच प्लेट बदलायची तरी ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन तुकडे करावे लागतात.

या एका गोष्टीमुळे जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची दुरुस्ती नेहमी घाईत होते. सोडवायला आणि जोडायला दिवस जातात, मोडका गिअर बदलायला तासाभराचं काम. मग मालकाला वाटतं, मोडलेला तेवढा गिअर बदला आणि बंद करा. हंगामात तर हमखास वाटतं. तसं बंद केलेले ट्रॅक्टरच पुन्हा मिस्त्रीच्या दारात येतात.

बोलायला एक गिअरबॉक्स समोर हवा म्हणून मॅसी फर्ग्युसन ३५ घेऊ. हॅरी फर्ग्युसनचा लहानसा करडा टीई-२० इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला १९४६ पासून तयार होऊ लागला आणि दहा वर्षांत पाच लाखांवर विकला गेला. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच ट्रॅक्टरांना पट्टे चढवून. टीई-२० नंतर आला तो ३५. मद्रासला १९६० साली टॅफे कंपनी मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्यानं सुरू झाली आणि ३५ अश्वशक्तीची ही जात आपल्याकडे रुळली. गावात तिला नुसतं ‘मॅसी’ म्हणतात. आपल्या मुंबईत, कांदिवलीला, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या आराखड्यावरून झालेल्या महिंद्रा बी-२७५ चा गिअरबॉक्स आतून वेगळा आहे, पण दोष शोधायची रीत तीच.

३५ च्या गिअरबॉक्समध्ये तीन पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स. त्यामागे हाय-लोची प्लॅनेटरी: मधोमध एक गिअर, त्याच्याभोवती फिरणारे छोटे गिअर, आणि बाहेरून आतल्या अंगाला दाते असलेलं स्थिर कडं. हायमध्ये फिरणं सरळ मागे जातं, लोमध्ये या छोट्या गिअरांतून जातं आणि वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून एकूण सहा गिअर पुढे, दोन मागे.

आता थोडा हिशेब, कारण मोडतोडीचं मूळ त्यात आहे. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतंय आणि ट्रॅक्टर पहिल्या लोमध्ये ताशी २ किलोमीटरनं चाललाय असं धरा. मागच्या टायरचा घेर साधारण ४ मीटर. म्हणजे चाक मिनिटाला आठ-साडेआठ फेरे घेतं. इंजिनाच्या जवळजवळ २४० फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. ही घट टप्प्याटप्प्यानं होते: गिअरबॉक्समध्ये दहाएक पट, प्लॅनेटरीत चौपट, डिफरन्शियलच्या क्राऊन-पिनियनमध्ये सहाच्या आसपास. वेग जितका घटतो तितका पीळ वाढतो. ३५ अश्वशक्तीचं इंजिन जो पीळ देतं तो एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला बारा-तेरा किलो टांगल्याएवढा असतो. २४० पट केला तर त्याच दांड्याला तीन टन. एवढा पीळ टायर जमिनीत उतरवूच शकत नाही. त्याआधी चाक जागच्या जागी फिरतं, नाहीतर ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं. म्हणून नांगरटीत दात्यांचा जीव टायरच्या घसरण्यानं वाचतो. चाक घट्ट रुतलंय, घसरायला जागा नाही आणि ड्रायव्हरनं क्लचवरचा पाय सटकन काढला, तर फिरत्या फ्लायव्हीलचा सगळा झटका दात्यांवर जातो. धड दाते एरवीच्या ओझ्यानं सहसा तुटत नाहीत, असल्या झटक्यांनी तुटतात. दुसरा शत्रू रस्त्यावर भेटतो. या गिअरबॉक्समध्ये गिअर सरकवून दात्यात दाता अडकवायचा असतो; मोटारीत वेग जुळवून देणारी जी सोय असते ती इथे नाही. त्यामुळे ट्रॅक्टर थांबवून गिअर टाकायचा. उसाच्या दोन ट्रॉल्या मागे घेऊन चाललेला ड्रायव्हर थांबत नाही, चालत्या गाडीत कर्रकन गिअर बदलतो, आणि दर खेपेला दात्यांच्या टोकांचा थोडा थोडा चुरा तेलात पडत राहतो.

तेलाची गोष्ट या ट्रॅक्टरात फार महत्त्वाची, कारण गिअरबॉक्सचं, डिफरन्शियलचं आणि हायड्रॉलिकचं तेल एकच आहे. चार पिस्टनचा हायड्रॉलिक पंप त्याच तेलात बुडालेला असतो. गिअरचा चुरा पंपापर्यंत जातो. चिखलणीत आत शिरलेलं पाणीही सगळीकडे जातं. लिफ्ट हळू उचलतेय म्हणून आलेल्या ट्रॅक्टरचा खरा रोग कधीकधी गिअरबॉक्समध्ये सापडतो तो यामुळे. भंडारा-गोंदियाकडे आणि कोकणात, जिथे भाताची चिखलणी होते, तिथे ही तक्रार जास्त. गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलेलं असतं, धुऱ्याचं ऑइल सील गेलेलं असतं, आणि चाक अर्ध्यावर चिखलात.

पाणी शिरलंय की नाही हे पाहायला काही खोलावं लागत नाही. ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा ठेवा. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी खालचा ड्रेन प्लग पूर्ण न काढता हळूहळू सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं. आधी थेंब थेंब पाणी आलं तर उत्तर मिळालं. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी त्यात घुसळलं गेलंय. मग सगळं तेल सोडून एका पसरट घमेल्यात घ्या आणि त्यात लोहचुंबक फिरवा. बारीक करडी लापशी चिकटली तर ती झिजेची, वय झाल्यावर येणारच. चमकते पापुद्रे आले तर बेअरिंगचा किंवा दात्याचा पृष्ठभाग सुटतोय. बोटाला टोचणारा तुकडा आला तर ट्रॅक्टर त्याच जागी उभा करा, शेतातून घरापर्यंतही चालवू नका. तो तुकडा दोन गिअरांमध्ये सापडला तर हाऊसिंगच फुटू शकतं.

यानंतर कानाचं काम. चांगला मिस्त्री लांब पेचकस हाऊसिंगला टेकवतो, मूठ कानाच्या हाडाला लावतो आणि मालकाची कहाणी ऐकायच्या आधी गिअरबॉक्सची ऐकतो. यात जादू काही नाही, सगळा तर्क आहे. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, क्लच सोडलेला: या वेळी इनपुट शाफ्ट आणि खालचा ले-शाफ्ट फिरत असतात, बाकी थांबलेलं. आता क्लच दाबला की तेही थांबतात. घुंई आवाज क्लच दाबल्यावर गेला तर दोष या दोन शाफ्टांच्या बेअरिंगात किंवा त्यांना जोडणाऱ्या गिअरात. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग गेलंय; गिअरबॉक्स बिचारा निर्दोष आहे. एकाच गिअरमध्ये खरखर असेल तर त्या गिअरची जोडी. तिन्ही गिअरांत, पण फक्त लोमध्ये असेल तर प्लॅनेटरी. सगळ्या गिअरांत आणि चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा असेल तर क्राऊन-पिनियनकडे किंवा धुऱ्याकडे बघायचं. सरळ चालताना गप्प आणि वळताना खडखड असेल तर डिफरन्शियलचे छोटे गिअर. एवढं तपासायला अर्धा तास पुरतो, आणि ट्रॅक्टर कुठून सोडवायचा हे त्यावरच ठरतं: क्लचसाठी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून, प्लॅनेटरीसाठी गिअरबॉक्स आणि मागच्या हाऊसिंगच्या मधून. चुकीच्या जागी सोडवलेला ट्रॅक्टर म्हणजे दोन दिवस पाण्यात.

गिअर सुटतो, म्हणजे चालता चालता आपोआप न्यूट्रलला येतो, ही सगळ्यात नेहमीची आणि उतारावर सगळ्यात धोक्याची तक्रार. बरेचदा याचं कारण वरच्या झाकणाखालीच सापडतं आणि ट्रॅक्टर फोडायची गरज पडत नाही. गिअर सरकवणारे फोर्क ज्या दांड्यांवर बसतात त्या दांड्यांना खाचा असतात, आणि प्रत्येक दांडीच्या खाचेत स्प्रिंगनं दाबलेली एक पोलादी गोळी बसते. स्प्रिंग मेली किंवा खाच झिजली की दांडी जागेवर धरून ठेवणारं काही उरत नाही. स्प्रिंग ही चिल्लर वस्तू. फोर्कचे पाय घासून पातळ झाले असतील तर गिअर पूर्ण आत जात नाही, अर्ध्या दात्यावर ओझं घेतो आणि बाहेर ढकलला जातो. लिव्हरचं खालचं टोक झिजलं असेल तर ते दोन दांड्यांच्या मध्ये अडकतं आणि एकाच वेळी दोन गिअर पडतात; मग ट्रॅक्टर ना पुढे ना मागे. हे टोक वेल्डिंगनं भरून, घासून पहिल्यासारखं करता येतं आणि ते काम वर्षानुवर्षं टिकतं. लक्षात ठेवायचं ते एवढंच की वेल्डिंग लिव्हरला चालतं, दात्याला नाही. गिअरच्या दात्याचा पृष्ठभाग कडक आणि गाभा चिवट ठेवण्यासाठी त्याला उष्णतेचे संस्कार दिलेले असतात. वेल्डिंगची आच लागली की दोन्ही गेले. भरलेला दाता दिसायला सुबक दिसतो आणि पहिल्या झटक्याला मोडतो, जाताना शेजारच्या गिअरलाही घेऊन जातो.

दोष आत असला तर मात्र सोडवणं आलं. बॅटरीची तार काढायची, बॉनेट आणि डिझेलची टाकी उतरवायची, वायरी आणि नळ्या सोडवायच्या, स्टिअरिंगचे दोन्ही बाजूंचे रॉड काढायचे. मागच्या चाकांना दोन्हीकडून ओट लावायची. आता एक गोष्ट जी नवशिका विसरतो. पुढचा धुरा मधल्या एका खिळीवर डोलतो. शेत उंचसखल असतं म्हणून तशी सोय आहे. इंजिन मागच्या भागापासून सुटलं की त्याला सरळ धरणारं कोणी उरत नाही, ते त्या खिळीवर कुशीला कलंडतं. म्हणून धुरा आणि त्याच्या वरचा आधार यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना सागाच्या पाचरी ठोकायच्या, आणि मगच बोल्टांना हात लावायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही हात किंवा डोकं आत घालायचं नाही. जॅकचं सील गळतं, लोखंडी घोडी गळत नाही.

दोन भाग वेगळे झाले, गिअरबॉक्स रिकामा झाला, भाग डिझेलनं धुऊन कापडावर मांडले, की खरी वाचनाची वेळ. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी दिला जातो. दात्याची टोकंच तेवढी झडलेली असतील तर गाडी चालवणाऱ्याचा दोष: चालत्यात गिअर टाकलेत. दात्याच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खळगे असतील तर पृष्ठभाग थकलाय. तेल जुनं, पातळ किंवा पाणी मिसळलेलं होतं. निळसर-जांभळी झाक आली असेल तर तेल पोचलंच नव्हतं. दाता बुडातून तुटला असेल तर तुटलेली जागा उन्हात धरून नीट बघायची. सगळी जागा ताजी, खरबरीत, करड्या रंगाची असेल तर एका झटक्यात गेलाय. एका कडेला काळपट, गुळगुळीत पट्टा आणि बाकी ताजी असेल तर तडा फार पूर्वीच गेला होता, तो हळूहळू वाढत होता, आणि शेवटी उरलेला भाग तुटला. आणि झीज दात्याच्या एकाच कडेला जास्त असेल तर गिअरला दोष देण्याआधी शाफ्ट हातात धरून हलवून बघा. बेअरिंग सैल झालं की शाफ्ट तिरका चालतो, गिअर एका कडेनं चावतात आणि सगळं ओझं दात्याच्या टोकावर येतं.

साखळी बहुतेक वेळा अशी असते. आधी रबर फाटतं किंवा सील जातं. मग तेलात पाणी-माती जाते, किंवा तेल गळून पातळी उतरते. मग बेअरिंग गंजतं, सैल होतं. मग शाफ्ट तिरका होतो आणि दाता मोडतो. मालकाला आवाज ऐकू येतो तो शेवटच्या पायरीवर. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या तोंडावर कोणत्याही वर्कशॉपमध्ये उभं राहिलं तर हा संवाद कानावर येतो:

“मिस्त्री, तेवढा गिअर टाका आन् बंद करा. परवापास्नं तोड हाय.”

“टाकतो की आबा. पण ह्यो का मोडला ते बघू द्या. न्हाईतर संक्रांतीला पुन्हा इथंच भेटू.”

यात आबांचंही खोटं नाही. तोडीच्या हंगामात उभ्या ट्रॅक्टरचा हप्ता थांबत नाही. पण एकदा ट्रॅक्टर दोन तुकड्यांत उघडा पडला की त्या वेळी सगळी सीलं, सगळी पॅकिंगं, क्लचचं रिलीज बेअरिंग आणि इनपुट शाफ्टच्या टोकाचं पायलट बेअरिंग बदलून घेणं हाच व्यवहार. या वस्तूंची किंमत पुन्हा सोडवण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही.

सुटे भाग घेताना एक माहिती उपयोगी पडते. बेअरिंगला ट्रॅक्टरच्या कंपनीचं नाव लागत नाही, नंबर लागतो, आणि तो त्याच्या कडेवर कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६२०६. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्यापुढचे असतील तर ५ नं गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये येतो: ०६ म्हणजे ३०. हा नंबर जगभर एकच असल्यामुळे चाळीस वर्षांच्या ट्रॅक्टरचं बेअरिंगही तालुक्याच्या दुकानात मिळू शकतं. जुन्या इंग्रजी ट्रॅक्टरांत काही बेअरिंगं इंची मापाची असतात, त्यांची नंबराची पद्धत वेगळी. तिथे जुनं बेअरिंगच दुकानात घेऊन जावं. ऑइल सीलवरही आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी छापलेली असते. गिअर मात्र नंबरावरून मिळत नाहीत. दिल्लीचं काश्मिरी गेट, लुधियाना आणि राजकोट इथून येणाऱ्या मालात चांगलंही असतं आणि नुसतं चकचकीतही असतं. गिअर शक्यतो जोडीनं बदलावा, आणि क्राऊन-पिनियन तर जोडीनंच. ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एक जुना एक नवा बसवला की ट्रॅक्टर रडायला लागतो आणि शेवटपर्यंत रडतो. भंगारातल्या ट्रॅक्टरचा खळगे न पडलेला अस्सल गिअर मला नव्या बिनखात्रीच्या गिअरपेक्षा केव्हाही बरा वाटतो.

जोडताना घाई नडते. क्लच प्लेट मधोमध बसवण्यासाठी एखादा जुना इनपुट शाफ्ट वर्कशॉपमध्ये ठेवलेला असतो. तो प्लेटमधून पायलट बेअरिंगमध्ये घालून मग प्रेशर प्लेट आवळायची. प्रेशर प्लेटच्या फिंगरांची उंची एकसारखी करायची, नाहीतर क्लच थरथरत पकडतो. खालच्या-वरच्या दोन बोल्टांच्या जागी लांब स्टड लावले तर दोन्ही भाग त्यांच्यावरून सरळ सरकत येतात. शेवटचं अर्धा इंच अंतर उरतं आणि पुढे सरकत नाही, असं जवळजवळ दर खेपेला होतं. याचा अर्थ शाफ्टच्या खाचा प्लेटच्या खाचांसमोर आलेल्या नाहीत. गिअरमध्ये टाकून मागून शाफ्ट थोडा फिरवावा, किंवा फ्लायव्हील हातानं थोडं हलवावं. खाचा जुळल्या की भाग आपोआप मिटतात. इथे बोल्ट आवळून ओढलं तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो आणि बिडाचे कान तुटतात. बिडाला वाकणं माहीत नाही.

तेल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचंच भरावं. दुकानदार ‘जास्त भारी’ म्हणून जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल पुढे करतो. त्यातली रसायनं क्राऊन-पिनियनसाठी उत्तम, पण गरम झाल्यावर तांबं-कांस्याच्या बुशांना खाऊ शकतात. शिवाय हायड्रॉलिक पंपाला त्याच तेलावर काम करायचं असतं. भरल्यावर इंजिन दहा मिनिटं चालवून, लिफ्ट दोनचार वेळा खालीवर करून, पुन्हा पातळी बघावी.

दुरुस्तीनंतर पहिले काही दिवस ट्रॅक्टर हलक्या कामाला लावा, आणि पहिल्या पन्नासेक तासांनंतर ते तेल, नवं असलं तरी, सोडून घ्या. घमेल्यात चुंबक फिरवा. थोडी करडी लापशी निघाली तर काम नीट झालंय. पापुद्रे निघाले तर ट्रॅक्टर पुन्हा खोला, तोडीचा हंगाम असला तरी.